वरील चित्रात दिसतो तो भाग

पुस्तकात 'वरील चित्र' असं कधी लिहू नये, चित्राचा नंबर लिहावा. एवढं एक वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझं लग्न सहा महिने आधी झालं असतं.

मी छापखान्यात पुस्तकांची पानं लावतो. आमच्या कॉम्प्युटरवर मजकूर साधाच टाइप करायचा आणि मध्ये मध्ये खुणा करायच्या : हे शीर्षक, हे चित्र. पानं प्रोग्रॅम स्वतः लावतो. (टक्क्याचं चिन्ह नुसतं टाकलं, तर त्या ओळीतलं पुढचं सगळं तो गिळून टाकतो. हे मला एका बँकेच्या अहवालानंतर कळलं.)

जिच्याशी मला लग्न करायचं होतं, तिचे वडील, म्हणजे काका, घड्याळजी. मी शाळा आठवीत सोडली म्हणून त्यांना पसंत नव्हतो. ते मला हाकच मुळी 'आठवी' अशी मारत. त्यांनी घड्याळ दुरुस्तीवर छोटंसं पुस्तक लिहिलं होतं. ती म्हणाली, "ते तू लाव. नीटनेटकं काम दिसलं की बाबा विरघळतात."

तिच्यासमोर मला फक्त मान हलवता येते. हलवली.

पुस्तकात तीस चित्रं होती आणि प्रत्येकाखाली काकांनी लिहिलं होतं, 'वरील चित्रात दिसतो तो भाग...' प्रस्तावनेत मी काकांचा, डोळ्याला भिंग लावलेला मोठा फोटो टाकला. त्याखाली हळूच माझाही. (नाव टाकलं नाही. लाजाळू माणसाने तेवढं पथ्य पाळावं.) प्रत्येक चित्रापाशी 'इथेच' अशी खूण केली. ही खूण म्हणजे हुकूम नसून नुसती विनंती असते, हे मला ठाऊक नव्हतं. काकांचा फोटो पानावर मावेना, म्हणून प्रोग्रॅमने तो पुढे सरकवला. मागची चित्रं रांग न मोडता त्याच्यामागून सरकली. मी शुद्धलेखन तीनदा तपासलं, चित्रं एकदाही नाही, आणि शंभर प्रती छापून काकांच्या दुकानात नेल्या.

काकूंनी कौतुकाने एक प्रत उघडली. तिसऱ्या पानावर काकांचा फोटो होता. काकूंनी खालचा मजकूर मोठ्याने वाचला, "वरील चित्रात दिसतो तो भाग पूर्ण झिजला आहे. तो सतत कुरकुरतो व इतरांना फिरू देत नाही. तेल देऊन उपयोग नाही. हलक्या हाताने काढून बाजूला ठेवावा."

दुकानातली सगळी घड्याळं ऐकू येऊ लागली. काकांची मुलगी पंख्याकडे बघत होती.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलंत," काकू म्हणाल्या.

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पान उलटलं. तिथे मी होतो. माझ्याखाली छापलं होतं : 'वरील चित्रात दिसतो तो भाग बाहेरून चकचकीत, पण आतून हलका असतो. ओळखीतून आला तरी घरच्या घड्याळात बसवू नये.'

काकांनी भिंगातून आधी पान बघितलं, मग मला बघितलं.

"आठवी," ते म्हणाले, "हे एवढं एकच चित्र जागेवर बसलंय."

सगळं पुस्तक पुन्हा लावून देतो, असं मी कबूल केलं. छापखान्यातलं काम संपलं की रोज तासभर बसायचो. प्रत्येक चित्राला एक खूण दिली आणि मजकुरात 'वरील' काढून त्या खुणेवरून नंबर आणला. आता चित्र कुठेही पळालं तरी वाचकाला सापडणार होतं. (नंबर बरोबर यायला फाइल दोनदा चालवावी लागते. पहिल्यांदा प्रोग्रॅम नुसतं ऐकून घेतो.) सहा महिन्यांनी नवी पानं काकांपुढे ठेवली. त्यांनी भिंग लावून दोन दिवस चुका शोधल्या. एकही सापडली नाही, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. पण लग्नाला हो म्हणाले.

अट एकच घातली. माझ्या फोटोचं पान पहिल्यासारखंच राहिलं पाहिजे.

मी तो फोटो त्या मजकुराच्या वर ठेवला आणि 'इथेच' अशी खूण केली. या वेळी तो केसभरही हलला नाही.