पाठीवरच्या पिशवीची पोथी

उषाबाईंच्या घरची पोथी वाळवीनं खाल्ली होती, आणि हे उघडकीला आलं ते नेमकं श्रावणातल्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी पाच वाजता, बाया हातपाय धुऊन ओसरीवर येऊन बसल्यावर. लाल फडकं सोडलं तर आतून नुसता भुसा पडला. दिघोरीत धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की पहिल्या श्रावणी सोमवारपासून महिनाभर उषाबाईंच्या ओसरीवर पोथी वाचली जाते. सासूच्या काळापासून एक दिवस खाडा नाही. उषाबाईंचा चेहरा असा काही उतरला की शेजारची सून रिता पाणी आणायला धावली.

"आता काय वाचाचं वं?" रुखमा आजी म्हणाल्या. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या त्याच, त्यामुळे शास्त्र काय ते त्यांनाच ठाऊक. "पोथी ऐकल्याबिगर उठलं तं चांगलं नसते."

"मी वाचते ना," राखी म्हणाली. "दुसरं पुस्तक हाये माह्याजवळ."

हे तिनं सहज म्हटलं असं कोणी समजू नये. राखी म्हणजे उषाबाईंची एकुलती एक लेक. शेतकी शिकलेली, लाखांदूरला शेतकऱ्यांच्या एका कंपनीत धानाच्या बियाण्याचं काम बघणारी, आणि सातवीपासून घरची पोथी वाचणारी. कंपनीनं तिला दीड महिन्याच्या प्रशिक्षणासाठी व्हिएतनामला पाठवायचं ठरवलं होतं. एकटीला. पासपोर्ट गुपचूप तयार झाला होता आणि होकार श्रावण संपायच्या आत कळवायचा होता. बापाला, म्हणजे सोमाजींना, विचारलं तर ते "तुह्या मायले विचार" एवढं बोलून तलावाकडे निघून गेले. सोमाजींचा जीव इतका हळवा, की गाय व्यायला लागली तरी त्यांच्याच्यानं गोठ्याजवळ उभं राहवत नाही. आणि आईला विचारायची राखीची छाती होत नव्हती. उषाबाई साकोलीच्या बाजाराला जायचं तरी सोबतीला दोन बाया घेत.

म्हणून राखीनं वाचनालयातून एक जाड कादंबरी आणून ठेवली होती. पाठीवर पिशवी टाकून एकटीच आशियाभर फिरणाऱ्या एका तरुण मुलीची. आईच्या कानावर ती हळूहळू घालावी, म्हणजे आईचं मन तयार होईल, असा तिचा बेत. बेत चांगलाच होता. फक्त राखीनं त्या कादंबरीचं मागचं कव्हर तेवढं वाचलं होतं, आतली साडेतीनशे पानं राहिली होती.

"देवाचं हाये का?" उषाबाईंनी विचारलं.

"पोरीचं नाव मैथिली हाये."

"म्हणजे सीतामाय," रुखमा आजींनी निकाल दिला. "वाच."

पुस्तक चौरंगावर ठेवलं गेलं, उदबत्ती लागली. कव्हरवर पाठमोऱ्या मुलीचं चित्र होतं. तिचं कपाळ काही सापडेना, म्हणून बायांनी हळदकुंकू तिच्या पाठीवरच्या पिशवीलाच लावलं.

अकराव्या पानावर घात झाला. मैथिली बँकॉकला उतरली, रस्त्याच्या कडेनं चालू लागली आणि मोटारसायकलवरच्या दोघांनी तिची पिशवी हिसकून नेली. ती ओळ दिसताच राखी वाचायची थांबली. समोर आई हात जोडून बसलेली. राखीनं मान वर केली आणि घराच्या कौलांकडे पाहिलं.

"मंग?" उषाबाई म्हणाल्या.

"मंग... मैथिली आपली पिशवी रिक्षात विसरली," राखी कौलांना म्हणाली. "अन् रिक्षावाला ते परत घेऊन आला."

"अवं माय! किती भला माणूस!" रिता म्हणाली.

"चहा तरी पाजला का त्याले?" रुखमा आजींनी विचारलं.

"पाजला."

"दुधाचा?"

"दुधाचा, आजी."

खोट्याचं असं असतं, एकदा घरात आणलं की त्याला रोज चारा घालावा लागतो. वाचन झालं की उषाबाई पुस्तक लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवत. देव्हाऱ्यातली पोथी कोणी बसमध्ये नेऊन वाचत नाही. त्यामुळे पुढच्या पानावर काय वाढून ठेवलंय हे राखीला बायांसमोरच कळे. लाओसमध्ये एका खोलीवाल्यानं मैथिलीला फसवलं. राखीनं त्याचा देवमाणूस म्हातारा केला आणि त्याच्या तोंडी "बेटी" घातलं. कंबोडियात मैथिली तीन दिवस तापानं फणफणत पडली, पाणी द्यायला माणूस नाही. त्या तीन दिवसांत राखीनं तिला तीन घरी जेवायला पाठवलं आणि तिन्ही ठिकाणी फोडणीचा भात खाऊ घातला, कारण आयत्या वेळी तिला दुसरं काही सुचेना.

त्यात रुखमा आजींची आठवण पक्की. "काल त्या म्हाताऱ्याले दोन पोरं होते. आज तीन कसे वं?"

"एक नागपूरले होता," राखी म्हणाली, आणि तिचं तिलाच रडू यायला लागलं.

व्हिएतनामवर मात्र तिनं जीव ओतला. तिथंही धानच, तिथंही चिखलात वाकून रोवणी, हे ऐकल्यावर बाया सरसावून बसल्या. पऱ्हे किती दिवसांचे लावतात, शेताच्या बांधीत पाणी किती ठेवतात, रोवताना गाणं म्हणतात की नाही, अशी अर्धा तास चौकशी झाली. पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं, तो तर राखीचा रोजचा धंदा. गाण्याचं सोडलं तर त्या संध्याकाळी तिनं एकदाही कौलांकडे पाहिलं नाही.

पाच बायांच्या तीस झाल्या. सोमाजीही अंगणात पाठ करून दोर वळत बसू लागले. आपण ऐकत नाही असं ते दाखवत आणि कोणी मैथिलीला जेवायला वाढलं की दुपट्ट्यानं डोळे पुसत.

पण तिसऱ्या आठवड्यात रुखमा आजी घोरू लागल्या. जाग्या झाल्या तेव्हा त्या चिडलेल्याच होत्या.

"अवं, हे कशी पोथी हाये? संकटच नाई इच्यात. संकट नाई तं देव धावन कायले? नुसती जेवूनच राहिली ते पोट्टी!"

बाया हसल्या. उषाबाई हसल्या नाहीत. त्यांनी राखीकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक फडक्यात बांधलं.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी लाखांदूरहून येणारी बस वाटेत बंद पडली. राखी दीड तास उशिरा गावात शिरली आणि गल्लीच्या तोंडाशीच तिला रडण्याचा आवाज आला. एका बाईचा नव्हे, तिसांचा. चप्पल हातात घेऊन ती पळत सुटली.

ओसरीवर चौरंगासमोर रिता बसली होती. राखी आली नाही म्हणून तिनं पुस्तक उघडलं होतं, आणि बिचारीनं जे छापलं होतं तेच वाचलं होतं. मैथिलीचा पासपोर्ट गेला होता, पैसे गेले होते आणि परक्या देशातल्या एका बसस्टँडच्या पायरीवर बसून ती हुंदके देत होती.

"तो रिक्षावाला कुठी मेला आता?" रुखमा आजी ओरडत होत्या. "फोन लावा म्हणा त्याले!"

"आजी, मी मागचं बी पाहिलं," रिता रडत रडत म्हणाली. "रिक्षावाला नाहीच हाये पुस्तकात. पिशवी चोरीच गेली होती. अन् ताप आला होता तिले, तीन दिवस."

सगळी ओसरी दारातल्या राखीकडे वळली. अंगणात सोमाजींच्या हातातला दोर गळून पडला.

"म्हणजे फोडणीचा भात..." ते एवढंच म्हणाले आणि तलावाकडे चालू लागले.

राखीला वाटलं, संपलं. व्हिएतनाम संपलं, होकार संपला, आता जन्मभर लाखांदूरच्या बसनंच फिरायचं. तिला आईकडे बघवेना.

"रिता, समोरचं वाच," उषाबाई म्हणाल्या. "पोथी अर्धी सोडत नसते."

रितानं नाक पुसलं आणि वाचलं. मैथिली पुष्कळ रडली. मग उठली, नळावर तोंड धुतलं आणि विचारत विचारत पोलिसांत गेली. चार दिवस तिनं एका खानावळीत भांडी घासून पोट भरलं. पाचव्या दिवशी नवे कागद मिळाले तेव्हा तिनं पाठीवर पिशवी टाकली आणि पुढच्या गावची बस धरली.

"आता कशी पोथी झाली!" रुखमा आजींनी मांडीवर थाप मारली.

बाया गेल्यावर उषाबाईंनी राखीला चुलीजवळ बोलावलं. राखी भिंतीला टेकून उभी राहिली.

"आई, माहं चुकलं. मी..."

"दुसऱ्या दिवसापासून मालूम हाये मले." उषाबाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं. "पोथी वाचताना तुही नजर ओळीवर राहते. त्या दिवशी कौलावर गेली. कौलावर काय लिहिलं होतं वं? मीबी चौथी शिकली. तू संध्याकाळी वाचे तेवढं मी दुसऱ्या दिवशी दुपारी बोट ठेवून वाचत होती."

"मंग बोलली काहून नाई?"

"पोथीत मधात बोलत नाई." उषाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "अन् तुह्या बॅगेत पासपोर्ट अन् कंपनीचं पत्र पाहिलं होतं मी. म्हटलं, पाहू तरी, पोरगी किती खोटं बोलते."

राखीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "म्हणजे आता नाई पाठवणार ना तू?"

"तुह्या मैथिलीले तं मी साकोलीलेबी पाठवली नसती. जिले कधी काही झालंच नाई, तिचा काय भरवसा? पण पुस्तकातली पोट्टी एकटीनं ताप काढते. चोरी झाली तं रडते, अन् मंग तोंड धुऊन पोलिसात जाते. तिले पाठवीन मी." सूप बाजूला ठेवून त्यांनी पदरानं लेकीचं नाक पुसलं, लहानपणी पुसत तसंच, जरा जोरानं. "जा, कळव तुह्या कंपनीले. पण एक आयक. तिथून मले खरं सांगजो. ताप आला तं ताप आला म्हणजो. फोडणीचा भात सांगशीन तं मंग पाहजो."

धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत राखी गेली. सोमाजी तिला सोडायला विमानतळावर जायचे होते. ते तलावाकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"आई, खरं सांगू?"

"सांग."

"माही बॅग आलीच नाई विमानातून. अन् पोट बिघडलं. काल दिवसभर खोलीत एकटीच पडून होती. खूप रडली."

उषाबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. "मंग?"

"मंग तोंड धुतलं. मीठ-साखरेचं पाणी पेली. बॅगेसाठी अर्ज देऊन आली. आज वर्गात जाऊन राहिली."

"बेस," उषाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

अंगणात सोमाजी उभेच होते. हातात दोर होता, वळायचा थांबलेला.

"काय म्हणे वं पोरगी? बरी हाये ना? जेवली ना?"

उषाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांची नजर हळूहळू वर कौलांकडे गेली.

"मजेत हाये. बॅग रिक्षात विसरली होती म्हणे. रिक्षावाला घेऊन आला परत."

सोमाजींनी एकदा कौलांकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी दोर पुन्हा वळायला घेतला.

"भला माणूस," ते म्हणाले. "चहा तरी पाजला का त्याले?"

"पाजला," उषाबाई म्हणाल्या. "दुधाचा."