तळटीपेचा खुराक, स्वल्पविरामासकट

आमच्या भागात कुत्र्याच्या खाण्याविषयी माझ्याइतकं जाणणारा दुसरा माणूस नाही. असं म्हणताना मला संकोच वाटतो, पण खरं ते खरं. स्वस्त आणि चांगलं ही दोन विशेषणं एकाच पिशवीला लावता येतात, हे मी शोधून काढलं आहे. पटत नसेल तर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. किंवा नको, त्याला नका विचारू.

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. या कामाची एक रीत असते. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळे ठेवायचे. नुसती अक्षरं वाचून भागत नाही, चिन्हंही वाचावी लागतात. 'राजा म्हणाला, स्वल्पविराम, अवतरण सुरू, मला भूक लागली आहे, पूर्णविराम, अवतरण पूर्ण.' आणि हे सगळं शेजारी धडधडणाऱ्या यंत्रांच्या वरताण. एरवी माझा आवाज मिशीच्या बाहेर पडत नाही. बसचा कंडक्टर माझे ओठ पाहून तिकीट देतो. पण वाचनाचा माझा आवाज वेगळा.

तळटीप ही आमच्या मुलीची कुत्री. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तिथला घरमालक कुत्रं ठेवू देईना, म्हणून ती आमच्याकडे आली. तपकिरी रंग, एक कान उभा, दुसरा विचारात पडलेला. मुलीने तिचं काहीतरी झुळझुळीत नाव ठेवलं होतं, पण ती सदा माझ्या पायाशी असायची, म्हणून मी तिला तळटीप म्हणू लागलो. आठवड्याभरात ती जुन्या नावाला ओ देईनाशी झाली. घरात माझं म्हणणं मान्य होण्याची ती पहिलीच वेळ.

तिच्याबरोबर खाण्याची एक पिशवीही आली होती. पिशवीवरच्या कुत्र्याच्या रुबाबापुढे आमच्या लग्नाचा फोटो फिका पडावा. ती संपली तेव्हा हिने दुकानात फोन करून किंमत विचारली. आकडा ऐकून मी चष्मा काढला. चष्म्याने ऐकू येत नाही, हे नंतर लक्षात आलं.

"अहो, आपण दोघं मिळून महिन्याला एवढं खात नाही," ही म्हणाली.

"तिचं वाढतं वय आहे."

"आणि आपलं पेन्शन काय वाढत्या वयाचं आहे?"

मग आम्ही सगळ्यांत स्वस्त पिशवी आणली. तळटीपेने ती शहाण्या मुलीसारखी खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून मागच्या पायाने बरगड्या अशा खाजवू लागली, की जणू तबलाच वाजवते आहे. सोफ्यावर इतके केस जमले की त्यात आणखी एक कुत्रं विणून झालं असतं. पोटाचं जे झालं ते लिहीत नाही. जिन्याच्या पायऱ्या धुणाऱ्या बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि म्हणाल्या, "काका, स्वस्त चालेल, पण वाट्टेल ते नको. पिशवीच्या मागचं बारीक वाचा. जे जास्त घातलेलं असतं, ते आधी छापतात. पहिलं नाव मांसाचं, मासळीचं, निदान अंड्याचं असावं. कोंडा पहिला असेल तर घेऊ नका. आणि रंग तर अजिबात नको, ते तुमच्यासाठी असतात, तिच्यासाठी नाही."

बारीक वाचा! माशाला पोहायचा आग्रह करावा, तसं झालं.

घरी आलो तर मुलीचा फोन. "बाबा, जमत नसेल तर स्पष्ट सांगा. माझ्या ऑफिसातल्या एकांचं शेत आहे. ते रविवारी तिकडूनच येणार आहेत, तिला घेऊन जातील."

हिने तळटीपेच्या डोक्यावर हात ठेवला होता. तो न उचलताच ही मला म्हणाली, "रविवारपर्यंत आपल्याला झेपेल असं चांगलं काही मिळालं तर राहू दे. नाही मिळालं तर जाऊ दे. अंगाला न मानवणारं खायला घालून कसली माया करायची?"

बोलणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती. मला तळटीपेकडे बघवेना. ती मात्र माझ्याकडेच बघत होती. जगात माझ्यावर विश्वास ठेवणारे जीव फार नाहीत, त्यातला एक शेतावर पाठवायची माझी तयारी नव्हती. मी कपाटातून भिंग काढलं.

कोपऱ्यावरचं प्राण्यांचं दुकान चांगलं ऐसपैस आहे. दाराशी पट्टे आणि साखळ्या, मध्ये रबराची हाडं, मागच्या भिंतीला छतापर्यंत पिशव्या. मी तळटीपेला घेऊन एका कोपऱ्यात उभा राहिलो, पहिली पिशवी उलटी केली आणि मनातल्या मनात वाचू लागलो. वाचायला जोडीदार लागतो, ते काम तळटीपेकडे होतं.

'मक्याचं पीठ, स्वल्पविराम, गव्हाचा कोंडा, स्वल्पविराम, मांसाचे उरलेसुरले भाग, कंस सुरू, चार टक्के, कंस पूर्ण, स्वल्पविराम, लाल रंग, पूर्णविराम.'

शेजारी एक बाई तीच पिशवी काखेत घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती हळूच फळीवर ठेवली, साडीला हात पुसले आणि निघून गेल्या. मला वाटलं, काही आठवलं असेल बिचारीला. मी दुसरी पिशवी घेतली. मग तिसरी. तिसरीच्या कंसापर्यंत पोचलो, तोच खुद्द दुकानदार खुर्ची घेऊन आला.

"काका, बसा. पाणी आणू?"

दुकानात मला आजवर कोणी खुर्ची दिलेली नाही. चपलांच्या दुकानातसुद्धा मी उभ्यानेच चप्पल घालून पाहतो. मी बसलो आणि बसल्यावर आणखी निवांत वाचू लागलो.

"काका, ह्या नमुन्याच्या पुड्या आहेत," दुकानदार माझ्या पिशवीत पाच-सहा पुड्या कोंबत म्हणाला. "घरी न्या. घरी वाचा. घरी किती शांतता असते."

"पैसे?" मी विचारलं.

"काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला."

"पैसे किती?"

"छे हो, तुमच्याकडून पैसे?"

मी तरंगत घरी आलो. हिला म्हणालो, "जाणकार माणूस दुकानदाराला बरोबर कळतो." ही माझ्याकडे एकदा पाहून कुकरकडे वळली.

मी रोज जाऊ लागलो. रोज खुर्ची, रोज पाणी, रोज पुड्या. मला येताना पाहिलं की दुकानदार दारापर्यंत सामोरा यायचा आणि पुड्या दारातच द्यायचा. आत जायचे माझे कष्ट वाचावेत म्हणून. पण मी काही आळशी नाही, मी आत जायचोच. पुड्यांमधलं एकही खाणं डॉक्टरीणबाईंच्या कसोटीला उतरत नव्हतं. जे उतरायचं ते आमच्या ऐपतीत बसत नव्हतं. रविवार जवळ येत होता.

एव्हाना बागेतही माझं नाव झालं होतं. संध्याकाळी कुत्री फिरवायला येणारी मंडळी, जी मला इतके दिवस बाकाचाच एक भाग समजत होती, ती नमस्कार करू लागली. त्यांच्यात एक निवृत्त फौजदार होते. त्यांच्या मिशा आणि त्यांच्या बुलडॉगचे गाल एकाच दिशेला लोंबायचे.

"तुम्हीच का ते वाचणारे?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं नसावं, पण मान हललेली दिसली.

"आमच्या बहिणीने तुम्हाला दुकानात ऐकलं. तेव्हापासून आमच्याकडची पिशवी तशीच पडून आहे. शनिवारी दुकानात नवीन मालाचं काहीतरी आहे म्हणतात. चला की आमच्याबरोबर. वाचून दाखवा."

मला कोणी 'चला की' म्हटलं याचंच इतकं कौतुक वाटलं, की मी घरी जाऊन दुसऱ्या शर्टाला इस्त्री केली.

शनिवारी दुकानापुढे मांडव नव्हता एवढंच. कंपनीचा कोट घातलेला माणूस टेबलामागे उभा, टेबलावर सोनेरी पिशव्यांचा डोंगर, भोवती बागेतली सगळी मंडळी आणि त्यांची सगळी कुत्री. कोटवाल्याने गोड आवाजात सांगितलं, की आज ही पिशवी निम्म्या किमतीत मिळेल. निम्मी किंमत! मी मनात हिशेब केला. जेमतेम, पण बसत होतं. आणि पिशवीवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'अस्सल कोंबडी'. सापडलं. तळटीप राहणार.

"काकांना वाचू द्या आधी," फौजदार म्हणाले.

"अवश्य," कोटवाला म्हणाला. त्याला माझी माहिती नव्हती.

मी पिशवी घेतली, उलटी केली, भिंग लावलं. समोर दुकानदार उभा होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं. माझ्या मिशीला काही लागलं असेल म्हणून मी मिशी पुसली. त्याने दोन्ही तळहात खाली दाबले. सावकाश वाचा, असं सुचवत असेल, म्हणून मी मान डोलावली. शेवटी त्याने हात जोडले. मीही नमस्कार केला आणि सुरुवात केली.

'तांदळाचा कोंडा, स्वल्पविराम, मक्याचा भुसा, स्वल्पविराम, साखर, स्वल्पविराम, कोंबडीचा वास, कंस सुरू, कृत्रिम, कंस पूर्ण...'

मी थांबलो. पिशवी सुलटी केली. 'अस्सल कोंबडी'. उलटी केली. 'वास, कंस सुरू, कृत्रिम'. पुढचा मजकूर मागच्याशी जुळत नव्हता. छापखान्यात असं सापडलं, की वाचणाऱ्याने उठून एकच गोष्ट करायची असते. ती माझ्या हाडात भिनलेली आहे.

"छपाई थांबवा!"

समोरच्या इमारतीत एका गृहस्थांनी खिडकी उघडली. बुलडॉग खाली बसला. कोटवाल्याच्या हातातलं पत्रक गळून पडलं.

"काका, वाचायची तशी गरज नसते," तो म्हणाला.

"मग छापता कशाला?" फौजदारांनी विचारलं.

त्यानंतर गर्दी अशी पांगली, की रबराचं हाडसुद्धा कोणी घेतलं नाही. कोटवाल्याने डोंगर खोक्यांत भरला. मी मात्र पिशवी धरून उभाच होतो. मला कोणाचं नुकसान वगैरे काही दिसत नव्हतं. उद्या रविवार, एवढंच दिसत होतं. शेवटची आशाही गेली होती.

दुकानदार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. "काका, तुम्हाला नक्की काय हवंय, एकदाचं सांगा."

"हिला मानवेल असं," मी म्हणालो. "आणि आम्हाला झेपेल असं. नाहीतर उद्या ही जाणार."

त्याने माझ्याकडे पाहिलं, तळटीपेकडे पाहिलं. मग सुस्कारा टाकून मागच्या गोदामात गेला आणि एक साधी खाकी पिशवी घेऊन आला. ना चित्र, ना सोनेरी अक्षरं. "एक लहान कारखाना आहे, ते जाहिरात करत नाहीत. मला यात काही सुटत नाही, म्हणून पुढे मांडत नाही. वाचा. पण मनात वाचा."

मी मनात वाचलं. मासळी, तांदूळ, अंडं, गाजर, जवस. रंग नाही. दोनदा वाचलं, चूक सापडली नाही. किंमत विचारली आणि पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी पुसायला.

"मोठी पिशवी घेतलीत तर आणखी स्वस्त पडेल. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा म्हणजे वास जाणार नाही," दुकानदार म्हणाला. "आणि दर महिन्याला माझा माणूस घरपोच आणून देईल. तुम्ही यायचं नाही."

"माझ्यासाठी एवढा त्रास?"

"अहो काका, त्रास कसला. तुम्ही फक्त येऊ नका."

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. दुकानदाराचा आदर, घरपोच सेवा, फौजदारांची मैत्री. तळटीप ताटली चाटत ती स्वयंपाकघरभर ढकलत होती.

"अहो," ही शेवटी म्हणाली, "तुम्ही मनात वाचत होतात ना?"

"मनातच."

"सोमवारी तुम्ही दुकानात मक्याचं पीठ वाचलंत, ते मी इथे गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकलं. स्वल्पविरामासकट."

मी खाली बसलो. एकेक गोष्ट डोळ्यांसमोर येऊ लागली. साडीला हात पुसणाऱ्या बाई. खुर्ची. पाणी. घरी किती शांतता असते. मला तर वाटलं होतं, की उतारवयात का होईना, माणसांनी मला ओळखलं.

"मग तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा गेला असतात का?"

हिने फोन उचलला आणि मुलीला म्हणाली, "त्या शेतवाल्यांना नाही म्हणून कळव. ती कुठे जात नाही. मिळालं. कोणाला म्हणजे? तुझ्या बाबांना. हो गं, एकट्यांनी. भर दुकानात, सगळ्यांसमोर." आणि मग आवाज जरा खाली आणून, पण मला ऐकू येईल एवढाच खाली, "मी सांगत होते ना, त्यांच्यात धमक आहे."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात हे 'सांगत होते' कधी झालं, मला माहीत नाही. पण मूळ प्रत मागायची ती वेळ नव्हती. मी नुसताच ताठ बसलो. इतका ताठ, की तळटीप माझ्या पायावरून घसरली.

फोन ठेवून हिने कपाट उघडलं. आमचा मिक्सर दोन महिने बंद आहे आणि दुकानवाला दुरुस्तीचं काही मनावर घेत नाही. हिने वॉरंटीचा बारीक अक्षरांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. बाजूला भिंग ठेवलं.

"उद्या गर्दीच्या वेळी जाऊ," ही म्हणाली. "तुम्ही काही बोलायचं नाही. नुसतं मनात वाचायचं."