विषाला सासूबाईंचा उतारा

विषाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये!

दचकू नका. माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि घरात पाल निघाली तर पलंगावर आधी मी चढतो. हे विष कॉम्प्युटरवरच्या खेळातलं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच जादूच्या राज्यात हिंडतात आणि राक्षस मारतात. त्या राज्यात मी विषवैद्य आहे.

बायको तिथे तलवारबाज. धावत जायचं, सपासप वार करायचे आणि तेवढाच मार खायचा! शहाण्यानं राक्षसाला एकदा हळूच विष लावावं आणि खांबाआड उभं राहावं. मग त्याचं रक्त आपोआप थेंबाथेंबानं उतरत जातं. वर विषाचा दुसरा थर द्यावा, मग तिसरा. भिंतीत ओल मुरावी तसं ते मुरतं. राक्षस लढतो बायकोशी आणि मरतो माझ्यामुळे! घाम न गाळता मिळणारं असं यश मला दुकानातसुद्धा कधी मिळालेलं नाही.

तर एका मोठ्या दलानं आम्हा दोघांना एका लढाईपुरतं बोलावलं. चांगले लढलो तर कायमचं घेणार होते. बायको कित्येक महिने त्यांच्या मागे लागली होती. अट एकच, उतारा देणारं माणूस आपलं आपण आणायचं. म्हणजे आपल्या माणसांना चढलेलं विष उतरवणारं.

"आईला बसवू या!" बायको म्हणाली.

सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या. अख्खी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून झालेली. मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि शिकवलं.

"आई, अगदी सोपं आहे. ज्याच्या डोक्यावर हिरवा थेंब दिसेल त्याला विष चढलंय. त्याच्यावर माउसचा बाण न्यायचा आणि हे बटण दाबायचं."

"कुणीही असलं तरी?"

"कुणीही असलं तरी! विचार करत बसलात की माणूस हातचा गेला!"

"ते मला नका सांगू, जावईबापू," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून बसल्या.

दुपारी लढाई सुरू झाली. समोर डोंगराएवढा राक्षस. बायको धावली. मी खांबाआडून विष फेकलं. राक्षसाच्या डोक्यावरची, उरलेला प्राण दाखवणारी पट्टी जराशी सरकली आणि थांबली! मी पुन्हा फेकलं. पुन्हा थांबली. माझं विष की गुळगुळीत झालेलं नाणं? कुठे चालेचना!

"अरे, लाव ना विष!" सोफ्यावरून बायको ओरडली.

"लावतोय! त्याच्या अंगाला लागतच नाहीये!"

हेडफोनमध्ये दलाच्या सेनापतींचा आवाज आला. "विषवाले, झोपलात का?"

मी इंटरनेटला शिव्या घातल्या, कीबोर्ड आपटला, वायर काढून पुन्हा लावली. शेवटी जपून ठेवलेली सगळ्यात जालीम कुपी काढली आणि अख्खी रिकामी केली. राक्षस हिरवागार झाला! आता मेलाच! एवढ्यात तो पुन्हा धुतलेल्या ताटासारखा लख्ख!

तेवढ्यात टेबलाशी बसलेल्या सासूबाई दमून म्हणाल्या, "या थोराडानं पिच्छा पुरवलाय बाई! उतरवलं की पुन्हा चढतंय. याला कुणीतरी मुद्दाम देतंय, सांगून ठेवते!"

"आई!! तो राक्षस आहे!"

"मग? तुम्हीच म्हणालात, कुणीही असलं तरी. वॉर्डात आम्ही स्वभाव बघून सलाईन लावत नव्हतो."

माईक चालू होता. अख्खं दल खो खो हसलं. सेनापती तेवढे हसले नाहीत.

"राक्षसांना अजिबात द्यायचं नाही!" मी दात खात म्हणालो. "डोक्यावर शिंगं दिसली की हात आवरायचा!"

"असं नीट सांगावं ना आधी."

मी तावातावानं खांबाआडून बाहेर आलो. राक्षसानं माझ्याकडे बघून एकच फूत्कार सोडला. माझ्या डोक्यावर हिरवा थेंब! माझी पट्टी थेंबाथेंबानं उतरायला लागली.

"आई, उतारा!"

"कुणाला?"

"मला!"

"तुम्ही कुठे आहात? इथे एक शिंगवाला दिसतोय."

रुबाबदार दिसावं म्हणून मी कालच शिंगांचं शिरस्त्राण घेतलं होतं!

"अहो, तो मीच! तुमचा जावई!"

"जावई खांबाआड आहेत," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "मघाशी मी स्वतः पाहिलंय."

शिरस्त्राण काढायला मी घाईघाईनं बटण दाबलं. चुकीचं लागलं. माझा विषवैद्य कमरेवर हात ठेवून नाचायला लागला! राक्षस समोर, रक्त उतरतंय आणि मी गिरक्या घेतोय! दुसरं बटण दाबलं, तर नाचाचा वेग वाढला. बायको लढायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. राक्षससुद्धा थांबल्यासारखा वाटला मला.

आणि मी नाचता नाचता मेलो.

मी गेल्यावर लढाई सुरळीत झाली. बायकोनं वार केले, दलानं केले. कुणाच्या डोक्यावर थेंब उगवायचा अवकाश, सासूबाई तो उडवायच्या. राक्षस कोसळला. आम्ही तिघंही हेडफोनला कान लावून बसलो.

"उतारा देणाऱ्या बाई कोण?" सेनापतींनी विचारलं.

"माझी आई," बायको म्हणाली.

"त्यांचा हात फार चपळ आहे. त्यांना कायमचं घेतलं. तलवारवाल्या बाईंनाही."

"आणि विषवाले?" मी हळूच विचारलं.

सेनापतींनी घसा खाकरला.

"विषवाल्यांचा नाच छान होता," सेनापती म्हणाले.

सासूबाईंनी मुक्काम वाढवलाय. आता रोज दुपारी त्या दोघींची लढाई असते. काल त्यांनीच माझी समजूत काढली. "मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. सगळ्यांनाच सगळं जमतं असं नाही." किती बरं वाटलं मला! मग हेडफोन चढवत त्या म्हणाल्या, "आणि जाताना दार ओढून घ्या. तुमचे उसासे सेनापतींना ऐकू जातात."