काहीच न होण्याचं प्रात्यक्षिक

रंगाच्या कारखान्यातल्या विजेच्या सुपरवायझरला सगळे माघारी ‘ठिणगीसाहेब’ म्हणत. समोरही म्हटलं असतं, पण मग सुरक्षिततेवर अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या दिवशी सकाळपासून मात्र ठिणगीसाहेब गप्प होते. मालकांनी नवा पॉवर सप्लाय परत पाठवायचं ठरवलं होतं आणि दुकानदाराचा टेम्पो चार वाजता तो न्यायला येणार होता.

मिक्सिंगच्या खोलीत दिवसभर थिनरची वाफ असायची. तिथल्या टाकीच्या मीटरला वीज पुरवणारा जुना डबा तिथेच भिंतीवर होता आणि अधूनमधून चटचट करायचा. नवा डबा वीज इतकी मोजूनमापून सोडायचा, की तारा एकमेकींना चिकटल्या तरी वाफ पेटेल अशी ठिणगीच पडू नये. दोन वर्षं मालकांच्या मागे लागून साहेबांनी तो मागवला होता. त्यात घरचाही मामला होता. त्या खोलीत मिक्सर चालवायला होता त्यांचा सख्खा मेहुणा, आणि बायकोने स्वच्छ सांगून ठेवलं होतं, “माझ्या भावाला नुसता चटका जरी बसला ना, तर तुम्ही कारखान्यातच राहायला जा.”

“साहेब, एकदा बघून तर घ्या,” ठिणगीसाहेबांनी मालकांपुढे शेवटचं गाऱ्हाणं घातलं.

“काय बघू? हा डबा करतो काय?”

“काहीच करत नाही, साहेब.”

“बघा! तुम्हीच सांगताय.”

“म्हणजे तारा चिकटल्या तरी काही होत नाही. तेच तर त्याचं काम आहे.”

“काही न करणारी माणसं माझ्याकडे ढीगभर आहेत,” मालक आपल्या मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. ती मिशी झुबकेदार होती आणि मालक तिची कारखान्यापेक्षा जास्त काळजी घेत. “बरं, तीन वाजता दाखवा. पाच मिनिटं देतो.”

ठिणगीसाहेब कामाला लागले. खोल्यांपासून लांब, मोकळ्या अंगणात टेबल मांडलं. टेबलाच्या खालच्या फळीवर डाव्या हाताला भिंतीवरून उतरवून आणलेला जुना डबा, उजव्या हाताला नवा. दोन्ही राखाडी, दोन्ही एकाच मापाचे. मालकांनी उद्या वायरला दोष देऊ नये म्हणून दोन्हीकडे एकाच रिळातली वायर लावली. वर पत्र्याची दोन झाकणं, त्यात चार-चार थेंब थिनर आणि तारेच्या घासणीचा एकेक तुकडा. वाळूची बादली, ओलं पोतं, सगळं जागच्या जागी. एरवी हा माणूस चहाच्या किटलीलासुद्धा लेबल लावायचा. पण स्वतः मांडलेल्या टेबलाला लेबल कशाला? डावं जुनं, उजवं नवं, एवढं काय ते लक्षात राहणार नाही? असं म्हणून ते मालकांना बोलवायला गेले.

मेहुणा मदतीला थांबला होता. स्वभावाने तो भलताच व्यवस्थित. टेबलाकडे बघून त्याच्या मनात आलं, मालक इथे उभे राहिले तर ऊन थेट डोळ्यांवर येणार. दाजींची एवढी मेहनत आणि मालकांना दिसणार काय? त्याने दोघा कामगारांना हाताशी घेतलं आणि टेबल अलगद उचलून गर्रकन फिरवून ठेवलं. वाळूची बादलीही नीट सरळ केली. मग हात झटकून तो समाधानाने बाजूला उभा राहिला.

तीन वाजता मालक आले. मागोमाग निम्मा कारखानाही आला.

“आधी हा जुना,” असं म्हणून ठिणगीसाहेबांनी डावीकडच्या तारा उचलल्या. त्यांनी चष्मा चढवला, हातमोजे घातले, सगळ्यांना दहा पावलं मागे हटवलं. “घाबरू नका, पण मोठा भडका उडेल. एक... दोन... तीन!”

त्यांनी तारा घासणीवर टेकवल्या. काही झालं नाही. पुन्हा टेकवल्या, घासल्या, दाबल्या. झाकणातलं थिनर आपलं निवांत वाळत राहिलं.

“उडाला का?” मालकांनी विचारलं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

ठिणगीसाहेबांनी तारा खाली ठेवल्या. “फ्यूज गेला असेल, साहेब. जुना माल. बरं, ते राहू द्या. खरी गंमत या नव्यात आहे. याला चष्मा नको, मोजे नकोत, काही नको. तुम्ही जवळ या, साहेब. अजून जवळ. वाका ना थोडं, घासणी नीट दिसेल. तारा तुमच्याच हातात घ्या. तुम्हाला माझी शपथ, काही म्हणजे काही होणार नाही.”

मालक वाकले. तारा घासणीला लागल्या.

भप्प!

घासणीचे लाल निखारे झाले, झाकणातून ज्वाळ उठली आणि मेहुण्याने झटक्यात ओलं पोतं टाकून ती विझवलीसुद्धा. धूर निवळला तेव्हा मालक होते तसेच वाकलेले होते. त्यांना कुठे चटका बसला नव्हता. फक्त डावीकडची मिशी नव्हती.

आपली नोकरी आता टेम्पोच्याही आधी जाणार, हे ठिणगीसाहेबांना कळून चुकलं.

“दाजी,” मेहुणा हळूच कुजबुजला, “मी टेबल जरा फिरवलं होतं. ऊन येत होतं म्हणून.”

ठिणगीसाहेबांनी वाकून खालचे दोन्ही डबे पाहिले. “साहेब, हा... हा जुना होता. तो मघाचा नवा.”

मालक सावकाश उभे राहिले. ओठावरून हात फिरवला. तो एका बाजूला केसांत अडकला, दुसऱ्या बाजूला घसरला. “म्हणजे हे भप्प... माझ्या मिक्सिंगच्या खोलीत आहे?”

“नऊ वर्षं, साहेब.”

“मी पाहुण्यांना घेऊन तिथे जातो?”

“दर महिन्याला.”

“आणि तो नवा, मघाशी तुम्ही एवढं घासलंत, तरी...”

“काही नाही झालं, साहेब.”

मालकांनी खिशातून पेन काढलं. “टेम्पो रिकामा पाठवा. नवा डबा आजच्या आज खोलीत लावा. आणि सगळीकडे हेच लावा! माझ्या केबिनमध्येसुद्धा. तिथला पंखा, एसी, एकूण एक याच्यावर चालला पाहिजे.”

“पण साहेब, एसीला हा पुर...”

मेहुण्याने दाजींच्या पायावर आपला जाड तळाचा बूट ठेवला. मालकांनी सही केली.

मिक्सिंगच्या खोलीत नवा डबा संध्याकाळीच बसला आणि ठिणगीसाहेबांना रात्री स्वतःच्या घरात झोपायला मिळालं. दुसऱ्या दिवशी हुकमाप्रमाणे तसाच आणखी एक डबा आणून केबिनही जोडून झाली. त्या डब्यातून निघणारी वीज नखाएवढा दिवा लागेल इतकीच. एसी हूं की चूं करेना. पंख्याचं पातं हलेना. केबिनमध्ये थिनर नाही, वाफ नाही, तिथे साधी वीज खुशाल चालते, हे कागदावर लिहून ठिणगीसाहेबांनी फायलीत लावलं. मालक फायली वाचत नसत, फक्त त्यांचा वारा घेत.

“साहेब, पुन्हा जुन्यासारखं जोडून देऊ का?” मेहुण्याने निरागसपणे विचारलं.

“वेडा आहेस का? अजून एक बाजू शिल्लक आहे माझी!” घामाने थबथबलेले मालक ओरडले.

तिसऱ्या दिवशी त्यांना असह्य झालं. अख्ख्या कारखान्यात थंडगार वारा एकाच ठिकाणी खेळत होता, वाफ ओढून घेणारे मोठे पंखे होते त्या मिक्सिंगच्या खोलीत. मालकांनी दाराशी मोबाइल काढून ठेवला, घड्याळ ठेवलं, कमरेचा पट्टाही काढायला निघाले होते, पण तो राहू दिला. मग स्टूल टाकून कागदपत्रांसकट ते तिथेच बसले.

दहाच मिनिटांत त्यांची नजर छताकडे गेली. “हा दिवा कसला आहे?”

“साधा, साहेब. तीन वर्षं अर्ज करतोय.”

“उद्या बदला. आणि ते बटण?”

“तेही साधंच.”

“अहो, मी इथे बसतोय आणि तुम्ही हे आज सांगताय?”

आठवडाभरात दिवा बदलला, बटण बदललं, बाहेर पळायचं दुसरं दार निघालं. ज्या अर्जांना वाळवी लागायची वेळ आली होती, ते मालक स्वतः शोधून मंजूर करू लागले. रिकाम्या केबिनमध्ये मात्र भर दुपारी भट्टी पेटलेली असायची. मेहुण्याला अखेर दया आली.

“दाजी, एसीचं सांगून टाकू का आता? बिचारे रोज स्टुलावर बसतात.”

ठिणगीसाहेबांनी खोलीत डोकावून पाहिलं. मालक मान वाकडी करून कोपऱ्यातल्या जुन्या पंपाकडे संशयाने बघत होते.

“दोन दिवस थांब,” ते म्हणाले. “पंप तेवढा होऊन जाऊ दे.”