गोपनीय दालनातला घोरणारा इसम

"लिही," भावोजी म्हणाले. "पहिल्याच ओळीत माझी ओळख येऊ दे. ‘या भूतलावर जोवर गुन्हा आहे, तोवर एक नजर जागी आहे. ती नजर भिंतीपलीकडचं पाहते, माणसाच्या पोटातलं वाचते आणि राखेच्या एका कणावरून विडी ओढणाऱ्याचं आजोळ सांगते. त्या नजरेला जग गरुडदृष्टी म्हणतं. तो गरुड म्हणजे मी.’ झालं लिहून?"

"झालं. भावोजी, चष्मा कपाळावर आहे."

"ठाऊक आहे मला," असं म्हणून त्यांनी उशीखाली चाचपणं थांबवलं.

भावोजींनी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढले आणि त्या नादात स्वतःचा नंबर कुठवर गेला हे पाहायचं राहून गेलं. निवृत्तीनंतर ते गुप्तहेर झाले. मी त्यांचा धाकटा मेहुणा. ताईनं मला त्यांच्यामागे लावून दिलंय. "तू फक्त रस्ता ओलांडताना त्यांचा हात धर," ती म्हणाली होती, "बाकी त्यांना काय बोलायचं ते बोलू दे." आजवर आम्ही दोन प्रकरणं तडीस नेली. पहिलं शेजारच्या मांजरीचं. ती आपण होऊन परत आली. दुसरं भावोजींच्या छत्रीचं. ती दारामागेच सापडली, आणि चोराने आमच्या धाकाने ती आणून ठेवली असा भावोजींचा निष्कर्ष निघाला. देव दयाळू आहे, एरवी आमचा संसार कसा चालला असता कोण जाणे.

नमनालाच घडाभर तेल गेलं. आता मूळ कथेला येतो.

आमच्या शेजारी शिक्केबाई राहतात. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या खिडकीवर त्या सव्वीस वर्षं शिक्के मारताहेत, म्हणून हे नाव. आलेल्या कागदावर ‘आवक’, जाणाऱ्या कागदावर ‘जावक’, आणि खिडकीपुढे आलेल्या प्रत्येकाला एक गोड शब्द. हा शब्द सरकारी नियमात बसत नाही, तो त्या पदरचा देतात. गुरुवारी सकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात डोळे पुसत बसल्या होत्या.

"आज पाच वाजता माझ्या निलंबनाच्या हुकमावर सही व्हायची आहे, वहिनी. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना! आणि नशीब बघा, तो हुकूम बाहेर जायचा तर त्यावर जावकचा शिक्का मारायचा कोणी? मीच!"

घडलं होतं ते असं. सोमवारी सकाळी कचेरीच्या गोपनीय दालनात, जिथे सरकारची सगळी गुपितं कुलपाआड असतात, तिथे एक अनोळखी इसम घोरत पडलेला सापडला. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवलेल्या, उशाला दोन जाडजूड फायली, आणि अंगावर संरक्षक भिंतीचा मोठा नकाशा पांघरलेला. कचेरीत एकच धांदल उडाली. अनोळखी इसम सापडल्यावर भरायचा फॉर्म संपला होता. तो नवा मागवावा की हाताने आखावा, यावर पाऊण तास खल झाला. तोवर इसमाने तोंड धुतलं, नकाशाची घडी घातली, अभ्यागतांच्या वहीत ‘खोली छान गार आहे, आभारी आहे’ असा अभिप्राय लिहिला आणि तो निघून गेला. मंगळवारी ही हकिगत वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होती, अभिप्रायासकट.

वरून विचारणा आली, जबाबदार कोण? साहेबांनी उलट टपाली कळवलं, आतल्याच कोणीतरी गुपित फोडलं. दालनाच्या दाराबद्दल एक गोपनीय परिपत्रक मागे निघालं होतं. ते साहेबांच्या टेबलावरून शिक्केबाईंच्या खिडकीवर गेलं आणि तिथून सहा बंद पाकिटांतून सहा अधिकाऱ्यांकडे. अधिकारी फोडणार नाहीत, कारण ते अधिकारी. साहेबांनी स्वतःची कसून चौकशी करून स्वतःला निर्दोष ठरवलं होतं. उरलं कोण?

"पण त्या परिपत्रकात होतं काय?" ताईनं विचारलं.

"मला काय माहीत? गोपनीय कागद वाचायची मला मनाई आहे. मजकुरावर कोरा कागद धरते आणि खाली प्रती कोणाकोणाला द्यायच्या तेवढं पाहते. सव्वीस वर्षांत तो कोरा कागद कधी सरकू दिला नाही हो."

ताईनं भावोजींकडे पाहिलं. "अहो, उठा. जन्मात एकदा तरी खरंच काहीतरी शोधा."

कचेरीत साहेब घामाघूम होऊन बसले होते. त्यांनी आम्हाला चक्क तपासाची परवानगी दिली. "पोलीस बोलावले तर त्याची बातमी होते," ते म्हणाले. "तुमचं बरं आहे. तुम्ही खरं शोधून काढलंत तरी कोणी विश्वास ठेवणार नाही."

भावोजींनी ही स्तुती समजून मान लववली. "आधी सांगा, गुपित कोणतं फुटलं?"

"ते सांगता येणार नाही. गोपनीय आहे."

"बरं, परिपत्रकाची तारीख?"

"तीही गोपनीय."

"एखादी प्रत?"

"गोपनीय दालनात आहे, आणि ते चौकशीसाठी बंद आहे. उघडायचं तर चौकशी पूर्ण झाली पाहिजे."

"मग मी शोधू काय?"

"कोणी फोडलं ते शोधा. काय फोडलं यात शिरू नका."

बाहेर येताच भावोजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असा तपास जगात आजवर कोणी केला नसेल." याबद्दल माझ्याही मनात शंका नव्हती.

भावोजी जिन्याच्या कठड्यावर ठसे शोधत होते तेवढ्यात मी पायरीवर चहा घ्यायला थांबलो. चहावाल्याने कपात चहा ओतता ओतताच विषय काढला.

"त्या दाराचंच चाललंय ना? त्यात काय शोधायचंय! कुलूप तीन महिने बिघडलंय. मूठ वर उचलायची आणि गुडघ्याने ढकलायचं. आत थंड हवेचं यंत्र आहे, कागद खराब होऊ नयेत म्हणून. बाहेर माणसं खराब झाली तरी चालतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाइकं बोलतात."

मी धावत जाऊन भावोजींना सांगायला लागलो, तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अनधिकृत माहिती! ऐकवू नकोस. तपास विटाळेल!"

मग आम्ही गोपनीय दालनापाशी गेलो. दारावर लाखेची मोहोर होती, दोरा होता आणि ‘प्रवेश निषिद्ध’ अशी पाटी होती. दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर मातकट डागच डाग होते, वाटोळे, वाटीएवढे, कुठे खाली, कुठे वर. भावोजींनी भिंग काढलं, चष्म्यापुढे धरलं, मग चष्मा काढून धरलं, मग भिंग माझ्या हातात देऊन चष्म्याने पाहिलं.

"हं. कपाळ."

"कुणाचं?"

"गुन्हेगाराचं. तो रांगत आला आणि त्याने दारावर डोकं आपटलं. पश्चात्तापाने. गुन्ह्याआधी पश्चात्ताप करणारा गुन्हेगार फार घातकी असतो."

"पण भावोजी, हे निदान साठ डाग आहेत. आणि वेगवेगळ्या उंचीवर."

त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. मला वाटलं, देवाने बुद्धी दिली. "बरोबर!" ते ओरडले. "गुन्हेगार एकच आहे, पण दर खेपेला तो वाढतोय! वाढत्या अंगाचा आहे. कचेरीत गेल्या तीन महिन्यांत कोण वाढलं?"

शिपाई म्हणाला, "हेडक्लार्कसाहेब वाढलेत, पण आडवे."

हेडक्लार्कना बोलावून त्यांच्या कपाळाचं माप घेण्यात तासभर गेला. ते डागापेक्षा दुपटीने रुंद भरलं. भावोजींनी हा सिद्धांत तिथेच सोडून दिला आणि अभ्यागतांची वही मागवली. ‘खोली छान गार आहे’ हा सांकेतिक संदेश ठरला. ‘छान’ म्हणजे छावणी, ‘गार’ म्हणजे गारद्यांची टोळी, आणि ‘आभारी’ म्हणजे काय ते त्यांनी मला कानात सांगितलं. ते इथे लिहिलं तर शेजारच्या राष्ट्राशी संबंध बिघडतील. या सिद्धांतापायी पाण्याचा माठ भरणाऱ्या म्हाताऱ्याला दोन वेळा थांबवून ‘गार’ हा शब्द म्हणून दाखवायला लावलं. त्याने तो निरागसपणे म्हटला, वर पेलाभर पाणीही दिलं.

साडेचार वाजले. आवक-जावकच्या खिडकीत शिक्केबाई आपला खण आवरत होत्या. शाई, सुया, चष्म्याचं घर, देवाची चिमुकली तसबीर, एकेक वस्तू पिशवीत जात होती. रांग होती तशीच होती आणि त्या एका हाताने शिक्केही मारत होत्या. "बसा हो आजी, तुमचं झालंच," असं कोणालातरी म्हणतही होत्या. मला ते पाहवेना. भावोजींनाही पाहवलं नसावं, कारण त्यांनी चष्मा पुसायला काढला तो बराच वेळ पुसतच राहिले.

"मेहुणे," ते हळू आवाजात म्हणाले, "मला काही सापडलेलं नाही."

इतकं खरं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही समोरच्या बाकावर टेकलो. तिथे एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "तुमचाही कागद अडकलाय का?" त्यांनी आपुलकीने विचारलं. "मी अकरा दिवस बसतोय. माझ्याच घराचा नकाशा मागितला, तर म्हणतात गोपनीय आहे. घरात मी राहतो, पण खोल्या किती ते मला कळता कामा नये!"

"कंटाळा येत असेल," मी म्हणालो.

"छे! समोर सूचना फलक आहे ना. सगळा पाठ झालाय. म्हणून दाखवू?" आणि आजोबांनी डोळे मिटून, आरती म्हणावी तशा संथ चालीत सुरू केलं. "उपाहारगृहातील चमचे परत करणेबाबत. जिन्यावर न थुंकणेबाबत. मग ते तिसरं, गोपनीय. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, गोपनीय दालनाचे कुलूप नादुरुस्त असून, मूठ वर उचलून दारास गुडघ्याने ढकलले असता ते उघडते. ही बाब अत्यंत गोपनीय असून कोणासही कळू देऊ नये. प्रत माहितीसाठी, सहा अधिकारी. प्रत, सूचना फलक.’ गेल्या आठवड्यापर्यंत तर मीही दुपारी तासभर आत जाऊन पडायचो. आता मोहोर लावली हो त्यांनी. फार सोय होती."

मी उठून फलकापाशी गेलो. कागद तिथेच होता, चमच्यांच्या आणि थुंकण्याच्या सूचनांखाली, चार टाचण्यांनी नीट लावलेला. खाली साहेबांची भरघोस सही. कचेरीतलं प्रत्येक परिपत्रक जुन्याच्या नमुन्यावरून टंकतात, आणि जुन्या प्रत्येक नमुन्याच्या तळाशी ‘प्रत, सूचना फलक’ असतं. मजकूर बदलायचा, तळ तसाच ठेवायचा, ही तिथली रीत. आणि आपल्या कचेरीचा फलक कचेरीतलं कोणीच वाचत नाही, ही दुसरी.

भावोजींनी नाक कागदाला टेकेपर्यंत जवळ जाऊन वाचलं. "माझा संशय सुरुवातीपासून गुडघ्यावरच होता," ते म्हणाले.

शिपायाने साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी फलक पाहिला, रांगेकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. "हा फलक ताबडतोब गोपनीय करा!" ते ओरडले. "चादर टाका त्यावर! कोणी काही वाचलेलं नाही!"

"पाठ आहे," आजोबा नम्रपणे म्हणाले.

"हा कागद लावला कोणी?"

"मी लावला, साहेब," शिक्केबाई खिडकीतून बाहेर आल्या. पिशवी त्यांच्या हातातच होती. "तळाशी फलक लिहिलं होतं, म्हणून लावला. दिवसाला चाळीस लावते. मजकूर वाचला नाही."

"वाचला नाहीत! हाच तो हलगर्जीपणा!"

"सही तुमची आहे, साहेब."

"मी दिवसाला दोनशे सह्या करतो, बाई! एकेक वाचत बसलो तर काम कधी करू?"

"खरं आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. खिडकीवर म्हातारीला बसायला सांगताना असतो तसाच होता. "मीही वाचलं नाही, तुम्हीही वाचलं नाही. पण मला वाचायची मनाई होती, साहेब. तुम्हाला नव्हती."

रांगेतल्या माना साहेबांकडे वळल्या. साहेबांनी खिशातून निलंबनाचा हुकूम काढला. वाटलं, आता सही करणार. त्यांनी तो उघडला आणि उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बहुधा पहिल्यांदाच. मग त्याचे चार तुकडे करून खिशात घातले.

"मेहुणे, टिपून घे," भावोजी माझ्या कानात म्हणाले, "माझ्या नजरेला नजर देऊ शकला नाही." साहेब त्यांच्याकडे पाहतसुद्धा नव्हते.

साहेबांनी खिडकीच्या फळीवरचा एक कोरा कागद ओढला, चार ओळी खरडल्या आणि रांगेत जाऊन उभे राहिले, आठवे. कोणी पुढे जा म्हटलं नाही, तेही गेले नाहीत. शिक्केबाई परत आत जाऊन बसल्या. एकेक कागद घेत, एकेकाला दोन शब्द बोलत त्यांनी सात जणांचं काम उरकलं. साहेबांनी आपला कागद आत सरकवला. सवयीने बाईंचा हात मजकूर झाकायला कोऱ्या कागदाकडे गेला.

"झाकू नका," साहेब म्हणाले. "वाचा. मोठ्याने वाचा."

बाईंनी चष्मा पिशवीतून परत काढला आणि वाचलं, "‘गोपनीय दालनाचे परिपत्रक मी न वाचता सही करून फलकावर लावावयास दिले. आवक-जावकच्या बाईंचा यात काही दोष नाही. चूक माझी आहे.’" त्यांनी कागद उलटून पाहिला. "एवढंच?"

"एवढंच."

"साहेब, सव्वीस वर्षांत या खिडकीवर इतका आखूड खुलासा आला नव्हता," शिक्केबाई म्हणाल्या. त्यांनी शिक्का शाईत दाबला, ‘आवक’ उमटवला, दुसऱ्या कागदावर तारीख घालून तो खिडकीबाहेर दिला. "ही घ्या पोच. आणि जपून ठेवा हो, वरून विचारतील तेव्हा लागेल."