पिलिपिली महाराजांच्या वंशावळीचे वर्तमान

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवून, घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एके थोर विद्यापीठी आफ्रिका अध्ययन विभागाची गादी हरिपंत उकिडवे चालवीत होते. पंत मोठे व्यासंगी, परंतु आफ्रिका खंड नकाशावाचून पाहिला नाही, आणि स्वाहिली भाषेचा कोश मागविला तो अर्ज खरेदी समितीत अकरा वर्षे मुक्काम करून राहिला. पंतांची सारी कीर्ती एका जीर्ण कागदावर उभी. जुन्या बंदरातील कारकुनाने मोडीत लिहिलेला, मथळा वाळवीने खाल्लेला, आणि खाली चार नावे: वाली, मचुजी, नडीजी, पिलिपिली, अखेरीस 'हे चार नित्य पाहिजेत' ऐसी ओळ. पंतांनी ताडिले, हे आफ्रिकेचे चार राजे, आणि प्रजेस अतिप्रिय. मग त्यांवर सहाशे पृष्ठांचा ग्रंथ रचिला, आणि पिलिपिलीच्या तीन लढाया वर्णिल्या, आणि कुलगुरूंची मर्जी सुप्रसन्न जाहली. मग पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील विद्यापीठाशी संयुक्त संशोधनाचा करार ठरला आणि तेथून डॉक्टर झुहुरा मकामे या विदुषी दाखल जाहल्या. पंतांनी चहा दिला, कागद पुढे ठेविला आणि एकेक नाव मोठ्या भक्तीने वाचून दाखविले. बाईंनी ओठ दाबले, मग खिडकीकडे तोंड फिरविले, आणि हसू आवरेना तेव्हा इंग्रजीत म्हणाल्या, "प्रोफेसर, रागावू नका. वाली म्हणजे भात."

"भात?"

"मचुजी म्हणजे कालवण. नडीजी म्हणजे केळे."

पंतांनी शेवटच्या नावावर बोट ठेविले. "आणि महाराज पिलिपिली?"

"मिरची."

पंत खुर्चीत बसले ते चहा निवेतो उठले नाहीत. बाईंस दया आली. म्हणाल्या, "मी कोणास सांगत नाही. पण मिरचीच्या वंशावळीवर माझी सही होणार नाही." पंतांनी घरी जाऊन कुटुंबास वर्तमान निवेदिले. त्या म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, त्या तीन लढाया आल्या कुठून?" दुसरे दिवशी करारसमारंभ. कुलगुरू भाषणास उभे राहून पिलिपिलीचे शौर्य वर्णू लागले, आणि पंतांस ऐकवेना. भाषणाच्या मध्येच उठले. "सर, ती मिरची आहे."

"कोण मिरची?"

"पिलिपिली, सर. सहाशे पाने मी चुकलो."

सभेत हशा ऐसा उसळला की माईक शिट्टी वाजवू लागला. कुलगुरू लाल जाहले आणि पेनाला टोपण घातले. तेव्हा झुहुराबाई उठल्या. "आमचे खलाशी या किनाऱ्यावर कसे राहिले, काय जेवले, हे मी आठ वर्षे शोधते आहे. राजांचे कागद ढिगाने मिळतात. खलाशांनी जेवण मागितल्याचा कागद आज प्रथम पाहिला. तो यांनी जिवापाड जपला." पंतांचे डोळे भरून आले आणि चष्मा पुसण्याचे निमित्त जाहले. कुलगुरूंनी टोपण काढले, सही केली. मग उभयतांनी तो कागद नव्याने मांडिला आणि तो दोन्ही किनाऱ्यांवर नावाजला गेला. बाईंनी स्वाहिलीचा वर्ग सुरू केला. पंत पहिल्या बाकावर बसले, पहिल्या चाचणीत विसांपैकी सात गुण मिळाले, आणि ती उत्तरपत्रिका साऱ्या विभागास दाखवीत हिंडले.

सारांश, ग्रंथ बुडाला, विभाग तरला, आणि पंत अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यार्थी जाहले. अधिकउणे वाचकांनी सांभाळून घ्यावे.