गाद खाली बसू द्या

१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार. नानाजींच्या स्वयंपाकघरातले तेलाचे डबे बाहेर काढायचं काम माझ्यावर आलं. घरमालकाला जागा रिकामी हवी होती आणि किल्ली माझ्याकडे होती.

स्वतःचं रक्त बाटलीतल्या तेलासारखं उजेडात धरून पाहणारा माणूस मी हा एकच पाहिला. आष्टीला त्यांचा तेलाचा घाणा होता. जवस, करडी, भुईमूग. मूलबाळ नव्हतं. बायको गेल्यावर घाणा विकून ते सिंदी मेघेत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायला आले. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत एकच: ढवळलेलं तेल पाहू नये, गाद खाली बसू द्यावी. नवं सरकार आलं, गाद बसू द्या. माझ्या मुलीला स्थळ आलं, गाद बसू द्या, ताई. पलीकडे एकट्या राहणाऱ्या कमलबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, तर त्यांनाही हाच सल्ला. बाईंनी तो इतका मनावर घेतला की तारीख कधीच निघून गेली.

छातीत दुखायला लागलं तेव्हा नागपूरला त्यांना मीच नेलं. तीन नसा बुजल्या होत्या. डॉक्टरांनी बायपास सांगितलं, सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि तोवर रोज जेवणानंतर एक गोळी. ही गोळी रक्तातली चरबी उतरवते, ऑपरेशनच्या आधीपासून घेतलेली बरी, नंतरही सोडायची नाही. पण बुजलेली नस गोळीनं उघडणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नानाजी मान डोलवत होते. उठता उठता त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे खाल्लेल्या तेलाचं दुखणं हाय का विकलेल्या?"

डॉक्टर हसले. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.

गोळी त्यांनी एकदाही चुकवली नाही. गोळाभातावरचं कढवलेलं तेलही चुकवलं नाही. मी बोलले तर म्हणाले, "घाणेवाल्यानं कोरडा भात खावा काय? मंग गोळी काऊन देल्ली?"

पहिल्यांदा रक्त तपासायला वर्ध्याला गेलो तेव्हा त्यांनी तिथल्या मुलीला नळी घटकाभर उभी ठेवायला लावली. गाद खाली बसली. वर राहिलेलं पाणी दुधाळ होतं. नानाजींनी नळी उजेडात धरून पाहिली. सहाव्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी वरचं पाणी पिवळं, नितळ, करडीच्या तेलासारखं. कागदावरचा आकडाही उतरलेला.

"साफ झालं, ताई. आता छाती चिरून काय पाहून राह्यले?"

मी भांडले. डबा धुतला म्हणून नळीत चिकटलेली गाद सुटत नाही, असं त्यांच्याच भाषेत सांगून पाहिलं. चाळीस वर्षं तेल पाहिलं, म्हणाले, आणि तारीख पुढे ढकलली. मग आणखी एकदा. गल्लीत हा किस्सा चांगला चालला. सांगणारी बहुतेक वेळा मीच.

त्याच दिवसांत त्यांना आणखी एक खोड लागली. दुपारी मी गहू निवडत असले की दारात येऊन उभे राहायचे. खिशात घडी घातलेला कागद. "ताई, पेन हाय काय?" मी द्यायचे. तरी हलायचे नाहीत. "कामात हा काय?" विचारायचे. सूप हातात दिसतंय ना, बोला काय ते, म्हटलं की, "नाई, गाद बसू द्या," म्हणून जायचे. पेन घेऊन. अशी तीन पेनं गेली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "पेनाचं दुकान टाकता काय, नानाजी?" त्यानंतर ते पेन मागायला आले नाहीत.

फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या आणि दार उघडलं नाही. मी किल्ली लावली. खाटेवर होते, कुशीवर. उशाशी गोळ्यांचं पाकीट होतं. रविवारची गोळी घेतलेली होती.

तर ते डबे. शेवटच्या डब्यात तेल नव्हतं. गोळ्यांची रिकामी पाकिटं रबर लावून ठेवलेली, माझी तीन पेनं आणि दवाखान्यानं दिलेला संमतीचा कागद. जवळच्या नातेवाइकाची सही आणल्याशिवाय भरती करणार नाही, असं त्यावर छापलं होतं. खाली नानाजींची सही होती. नातेवाइकाच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात माझं नाव. नात्यापुढे 'बहीण' लिहून खोडलं होतं, मग 'शेजारीण' लिहून खोडलं होतं, मग पुन्हा 'बहीण'. सहीची जागा कोरी.

मी डबे सोड्यानं धुतले आणि उन्हात उपडे घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलबाईंकडे गेले. मोतीबिंदूचा कागद कुठं आहे, विचारलं. त्या फळीवर चाचपडू लागल्या. "काऊन? बसा तर खरं, चहा टाकतो."

"चहा नंतर. सही कुठं करायची ते दाखवा."

पेन मी घरूनच आणलं होतं.